एका डोळ्यावर छाटलेल्या ओळी

माझ्या डोक्याला मार लागला तो फेट्यापायी.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता. तीन वर्षांनी एकदा जावयाला भाव येतो तो हा महिना. एरवी सासुरवाडीत आम्हाला कुत्रंसुद्धा ओळख देत नाही. सासुरवाडी वडूजकडं, कोरडवाहू मुलखात. आमचं गाव तासगावच्या पुढं, द्राक्षाच्या पट्ट्यात. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढले, मी पोट फुटेस्तोवर खाल्ले, आणि वर मेव्हण्यानं गुलाबी फेटा बांधला.

"दाजी, आज फोटू काढण्यागत दिसताय," तो म्हणाला. मला तेवढं पुरलं.

निघताना हेल्मेट फेट्यावर बसेना. अशा वेळी दोन्हीतलं एक काढायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी हेल्मेट मागं बसलेल्या बायकोच्या मांडीवर दिलं.

"आवं, फेटा माझ्याकडं द्या आन् हे डोक्यात घाला," ती म्हणाली.

"मायणी गाव जाईस्तोवर ऱ्हाऊ दे. तुझ्या मावशीचं घर रस्त्याकडंलाच हाय. बघू दे की म्हातारीला."

"मावशी झोपली असंल आता."

"हॉर्न वाजवतो."

गाडीचा आरसा असतो तो मागचं दिसावं म्हणून. मी तो वळवून माझ्या तोंडाकडं केला होता. त्यामुळं मागचं दिसत नव्हतं आणि पुढचं मी बघत नव्हतो. गतिरोधक भर दुपारी, लख्ख उन्हात, पांढरे पट्टे मारलेला होता. त्याची काही चूक नव्हती.

बायको सासूबाईंनी बांधून दिलेल्या धोंड्यांच्या पिशवीवर पडली. तिचं कोपर खरचटलं, धोंड्यांचा भुगा झाला. मी पडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी रस्त्याकडंला बसलोय, चार माणसं वाकून बघतायत आणि मी बायकोला विचारतोय, "फेटा कुठाय?" ती म्हणाली, तुमच्या मांडीवर. मी पुन्हा विचारलं. ती म्हणते, मी किती वेळा विचारलं याला गणती नाही, आणि दर वेळी तोंडावर नव्यानं विचारल्याचा भाव.

"रगात न्हाई आलं," जमलेल्यांपैकी एकजण माझं डोकं चाचपून म्हणाला. "काय झालं न्हाई. चहा पाजा."

आमच्या भागात इजा म्हणजे रक्त. रक्त नाही तर इजा नाही. हाड मोडलं तर सवलत मिळते, कारण प्लास्टर दिसतं. मी चहा प्यालो, आणि मेव्हणा पिकअप घेऊन आल्यावर त्यालाही विचारलं, फेटा कुठाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या झाल्या. दोष पुरणाला दिला. पण थोरल्या भावानं ऐकलं नाही. आमचा आण्णा मिलिटरीतून रिटायर होऊन गावी आलेला. त्याच्या तोंडून सल्ला येत नाही, हुकूम येतो. त्यानं गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं.

डोक्याचा फोटो काढला. त्यात काहीच निघालं नाही. डॉक्टर तरणे होते, सावकाश बोलायचे. "मेंदूला मार लागलाय, पण सौम्य आहे," ते म्हणाले.

"सौम्य म्हंजे कसं?" बायकोनं विचारलं.

"म्हंजे मेला न्हाई," आण्णा म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की मेंदू मऊ असतो. डोकं आपटून एकदम थांबतं, पण मेंदू आत हिंदकळतो. त्याचा एक भाग दुसऱ्या भागाशी बोलतो ते बारीक तंतूंमधून. हिंदकळताना हे तंतू ताणले जातात. तुटतात थोडे, दुखावतात पुष्कळ. मग निरोप उशिरा पोचतो, नाहीतर पोचतच नाही. आणि हे तंतू इतके बारीक, की साध्या फोटोत दिसत नाहीत.

"म्हणजे ठिबकच्या नळीगत," मी म्हणालो. "वरनं नळी काळी कुळकुळीत, धडधाकट. मोटर चालू. पण आत कचरा अडकलाय, आणि शेवटच्या वेलीला पाणी न्हाई."

"बरोबर. तसंच," डॉक्टर म्हणाले.

मी इतका खूश झालो की पुढचं ऐकलंच नाही. स्वतःच्या दुखण्याला चांगला दाखला सुचला म्हणून छाती फुगवणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. पुढचं बायकोनं ऐकलं: बहुतेकांचं आपोआप भरून येतं, काहींना वेळ लागतो, विश्रांती घ्या, एका वेळी एकच काम करा, मोठे निर्णय काही दिवस दुसऱ्याला घेऊ द्या.

गावात आल्यावर मी मिरजेचा फोटो पास झाल्यागत मिरवला. चहाच्या गाड्यावर एका दोस्तानं विचारलं, "काय निघालं रं डोक्यात?"

"काय न्हाई निघालं."

"ते आमाला कवापास्नं म्हाईत हाय गड्या."

सगळे हसले, मीही हसलो. हसताना डोक्यात डाव्या बाजूला कुणीतरी खिळा ठोकला. तो खिळा पुढं बरेच दिवस तिथंच होता.

आता जे झालं ते सांगायला अवघड आहे, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की मला जमिनीवर बसावं वाटायचं. दोन माणसं एकदम बोलायला लागली की दोघांचंही बोलणं कळायचं नाही. पेपरची एक ओळ मी वाचायचो, खाली यायचो, आणि ती परत तीच ओळ असायची. शब्द हरवायचे, तेही अवघड शब्द नव्हेत. एकदा मी बायकोला म्हणालो, "ते दे गं, ते... वाकडं, गवताचं." तिनं विळा दिला. मी म्हणालो, गंमत केली. ती म्हणाली, व्हय. दोघांनाही ठाऊक होतं की गंमत नव्हती.

आणि राग. मी गावात हसवणारा माणूस म्हणून ओळखला जातो. लोक माझ्या फजित्या ऐकायला मला चहा पाजतात. घरात मात्र भांडं वाजलं तरी माझ्या कपाळाची शीर उडायची. एका सकाळी ती भाकरी थापत होती. थापताना बांगड्या वाजणारच. मी ओरडलो, "त्या बांगड्या काढ आधी हातातल्या!"

नवरा जिवंत असलेल्या बाईला असं बोलत नाहीत. वैऱ्यालाही कुणी बोलत नाही. ती भाकरी तव्यावर टाकून माझ्याकडं बघत राहिली. मी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं दोन्ही मनगटांवर, बांगड्यांवरून, जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, हात मुरगळलाय. दोन्ही हात?

सप्टेंबर संपत आला. छाटणी तोंडावर आली.

आता बागेचं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडं द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलात खरड छाटणी. तेव्हा सगळ्या काड्या बुडापाशी एका डोळ्यावर छाटायच्या. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब फुटायचा ठिपका. त्या डोळ्यातून नवी काडी येते, उन्हाळ्यात तिच्या पुढच्या डोळ्यांत घड तयार होतो आणि पावसाळाभर तिथं झोपून राहतो. ऑक्टोबरात दुसरी छाटणी, फळाची. या वेळी काडी लांब ठेवायची, घडाचे डोळे राखायचे, शेंडा तेवढा उडवायचा. एप्रिलची छाटणी ऑक्टोबरात केली, तर घड असलेली काडी जमिनीवर पडते आणि वेलीला वर्षभर नुसता पाला येतो. अशी चूक कुणी करत नाही. दारू पिऊन आलेला छाटणीवाला पण करत नाही. लहानपणापासून हात ते शिकलेले असतात.

ही बाग मी उभी केली. आण्णा सीमेवर होता तेव्हा मी अँगल रोवले, तारा ओढल्या, वेली मांडवावर चढवल्या. आण्णाला वेलीतलं फार कळत नाही, पण माणसं हलवायला कळतं. तो एका संध्याकाळी सोप्यात बसून म्हणाला, "यंदाची छाटणी मी बघतो. तू बस."

"बसू? मला काय झालंय?"

"डॉक्टर काय म्हनला, ऐकलंस की."

"फोटो नॉर्मल हाय आण्णा."

"तू नॉर्मल न्हाईस. परवा ब्लोअरच्या टाकीत औषधाची तीच पुडी दोनदा टाकायला निघालतास. म्या हात धरला."

हे मला आठवत नव्हतं. आठवत नसल्यामुळं मला ते खोटं वाटलं. बायको दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, ती आपल्या चिंध्यांकडं बघत होती.

मला भीती पडली ती आण्णाच्या बोलण्याची नव्हे. एकदा कात्री हातातून गेली की परत मागायची कुठल्या तोंडानं? या वर्षी 'तू बस', पुढच्या वर्षी 'तू बस', मग देवळाच्या पारावर बसणाऱ्यांत आपली जागा पक्की. बागेतला निर्णय माझा राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी एका सकाळीत निकाली काढायचं ठरवलं.

आमच्यात रिवाज असा, की टोळी छाटणीला यायच्या आधी मालकानं नारळ फोडून पहिल्या वेलीला कात्री लावायची. टोळी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी तांबडं फुटायला एकटाच बागेत गेलो. नारळ फोडला, पाणी वेलीच्या बुडात ओतलं आणि पहिली काडी छाटली. एका वेलीवर थांबून घरी यायचं असतं. मी थांबलो नाही. म्हटलं, चार-सहा ओळी उरकून ठेवू, आण्णाला दाखवू.

एक सांगतो, तेवढं खरं माना. पडल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. गार हवा, दवानं ओली पानं, आवाज फक्त कात्रीचा. डोक्यातला खिळा गायब. हात आपोआप पळत होते. डावा हात काडी धरी, उजवा तोडी, पाय पुढं सरके. कुठला शब्द शोधायचा नव्हता, कुणाचं ऐकायचं नव्हतं. मी गुणगुणत होतो. मला वाटलं, झालं, गेलं दुखणं, नळीतला कचरा निघाला. आण्णाला काय टोमणा मारायचा तोही ठरवला होता. चांगला होता तो टोमणा.

सहावी ओळ संपत आली तेव्हा बायको किटली घेऊन आली. बांगड्या गुंडाळलेल्या असल्यामुळं ती जवळ येईस्तोवर कळलं नाही.

"आवं."

"ये, ये. बघ तुझा नवरा. सहा ओळी! सांग तुझ्या भाऊजींना, म्हणावं बसा आता तुमीच."

तिनं किटली खाली ठेवली. जमिनीवरची एक काडी उचलली. हातभर लांब, जाड, पिकलेली काडी. तिच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला.

"आवं, म्हैना कंचा चाललाय?"

"ऑक्टोबर. दसरा आठवड्यावर आला. का गं?"

"मग ही कंची छाटणी केली?"

"फळाची. काय विचारतीस?"

तिनं काडीनं ओळीकडं दाखवलं. मी त्या ओळीकडं बघितलं. माझं मलाच नवल वाटतं, पण बघूनही मला काही दिसलं नाही. ओळ सुंदर दिसत होती. सगळे ओलांडे, म्हणजे तारेवरून गेलेले वेलीचे आडवे फाटे, स्वच्छ, प्रत्येकावर बोटाच्या पेराएवढी खुंटी, खुंटीवर एक डोळा. एकसारखी, नीट, एप्रिलात दिसावी तशी.

"मला शिकवू नगंस," मी म्हणालो. "तू छाटणीमागनं काड्यांना पेस्ट लावणाऱ्या बायकांतली. छाटणीतलं तुला काय कळतंय?"

"मला कळत न्हाई," ती म्हणाली. "तुमीच सांगा. घड कुठं येणार?"

मग ते आलं. फार सावकाश आलं, शेवटच्या वेलीला पाणी यावं तसं. मला महिना ठाऊक होता. ऑक्टोबरात कसं छाटायचं हेही ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि हात काय करतायत ते मी दोन फुटांवरून बघत होतो. तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यातच होत्या. त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मी तिच्या हातातली काडी घेतली आणि खुंटीला लावून धरली. कापलेली बाजू कापलेल्या बाजूला. बरोबर बसली. मी ती तशीच दाबून धरून उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. चहा निवला. बायकोनं शेवटी माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान पोराची मूठ सोडवतात तशी.

आण्णा आला. सहा ओळी त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बघितल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर उलट बरं वाटलं असतं.

"कात्री दे," तो म्हणाला. मी दिली.

मग बांधावर माझ्याशेजारी बसला आणि बोलायला लागला. "आमच्याकडं एक जवान हुता. जवळ स्फोट झाला, पर अंगावर ओरखडा न्हाई. रिपोर्ट क्लीन. नंतर त्याला कवायतीचा हुकूम कळंना. दाएं म्हनलं की बाएं. आमी त्याला भित्रा म्हनायचो. नाटक करतंय म्हनायचो."

"मग?"

"मग काय. भित्रा म्हनूनच घरी गेलं."

तो उठला, पॅंट झटकली आणि टोळीच्या मुकादमाला फोन लावायला गेला. उरलेली बाग त्यानं आणि टोळीनं छाटली. मी घरात होतो, दार लावून, कात्र्यांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

त्या सहा ओळींना पुढं असा पाला आला की काय सांगू. बाकीची बाग घडांच्या ओझ्यानं थकलेली, आणि या ओळी हिरव्यागार, तरण्याताठ्या. चुकून एखाद्या वेलीला करंगळीएवढा घड. माल बघायला व्यापारी आला तेव्हा त्यानं विचारलं, "या ओळी कुठल्या जातीच्या?"

"शोभेच्या," मी म्हणालो.

तो हसला. आण्णा हसला नाही. त्यानं मला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, व्यापारी जाईपर्यंत तू शेडकडं बस. मी जाऊन बसलो. आधी मी बसलो नसतो.

मिरजेला पुन्हा गेलो. डॉक्टरांनी खेळ खेळायला लावल्यागत तपासलं. शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. बरीच सुधारणा आहे, म्हणाले. डोकंही आता कमी दुखायचं. बायकोनं मनगटांवरच्या चिंध्या सोडल्या होत्या, तरी भाकरी थापताना ती हात अवघडून धरायची. ती सवय अजून गेलेली नाही.

"तुम्हाला स्वतःला कसं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरं वाटतं," मी म्हणालो. "पर त्या दिवशी बागेतबी बरंच वाटत हुतं."

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मी त्यांना विचारलं, की बिघडलेलं यंत्र आणि बिघाड तपासणारा, दोन्ही एकाच खोपडीत बसतात. मग मी बरा झालो हे मला कोण सांगणार? ते म्हणाले, वेळ लागेल, घरच्यांची मदत घ्या. चांगला माणूस. त्याच्याकडं दुसरं काय असणार?

पुढचा ऑक्टोबर आला. आण्णानं नारळ आणि कात्री माझ्यापुढं ठेवली. "घे. मालक तूच हाईस," म्हणाला. एवढं बोलायला त्याला वर्ष लागलं होतं, आणि ऐकायला मी वर्षभर टपून होतो. मी नारळ उचलला आणि बायकोच्या हातात दिला. कात्रीही दिली.

टोळीतली माणसं एकमेकांकडं बघून हसली. "यंदा वहिनी मालक झाल्या जनू!" एकजण म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "माझी बदली झाली."

तिनं नारळ फोडला, पहिली वेल छाटली, काडी लांब राखून. मग दुसरी कात्री घेऊन मी तिच्यामागं लागलो. ती पुढच्या वेलीवर, मी मागच्या. टोळी केव्हाच चार ओळी पुढं गेली. मी प्रत्येक काडी धरतो, जागा बघतो, माझ्या मते बरोबर असते. तरी विचारतो, "हितं?"

ती वळून बघते. "हं."

मी छाटतो. पुढची काडी. "हितं?"

"हं."

दुपारी कुणीतरी तिला बांधावरून हाक मारली, ती त्या बाईशी बोलायला लागली. मी काडी धरलेली होती. जागा दिसत होती, गाठीच्या पुढं, स्वच्छ, शंभर टक्के तीच. डोकं शांत होतं. अगदी बरं वाटत होतं.

"हितं?" मी विचारलं.

तिला ऐकू गेलं नाही. मी कात्री उघडी धरून उभा राहिलो.